मास्तर, बंपर पुन्हा उतरला

कोल्हापूर,
ता. ११ फेब्रुवारी १९७५

शमशुद्दीन बँडमास्तर, मुक्काम भद्रावती (कर्नाटक), यांना त्यांच्या जुन्या गल्लीतल्या आकाराम ड्रायव्हरचा सलाम, रामराम आणि नमस्कार. (तिन्ही एकदम घालतोय, कारण गेल्या वर्षभरात यातला एकही तुम्ही परत केलेला नाही आणि कोणता चालतो तेच मला कळेनासं झालंय.) खैरुनभाभींना माझा आणि शालूचा आदाब सांगा. तुमचा दमा काय म्हणतोय? भद्रावतीची हवा मानवली का? निसारच्या पोस्टकार्डात दर वेळी ‘अब्बा मजेत आहेत’ एवढंच असतं. मजेत असलेला माणूस वर्षात स्वतःच्या हातानं एक ओळ लिहीत नाही, हे मला पटत नाही. इकडे सगळं ठीक आहे. शालूचे गुडघे दुखतात, माझे दुखत नाहीत, आणि त्याचा तिला राग आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी मोहरमचे पंजे विसर्जनाला गेले आणि चौथ्या दिवशी तुम्ही मुलाबरोबर गाव सोडून गेलात. तुम्हाला स्टेशनवर माझ्या गाडीतून पोचवायचं ठरलं होतं. मी आलो नाही. ‘बंपर उतरलाय, गाडी बाहेर निघत नाही’ असा निरोप धाडला, आणि तुम्ही भाभींना, दोन ट्रंकांना आणि क्लॅरिनेटच्या पेटीला घेऊन टांग्यातून गेलात. ही गोष्ट तुम्ही मनात धरली आहे. धरली नसती तर माझ्या चार पत्रांपैकी एखाद्याला तरी उत्तर आलं असतं. तुम्हाला वाटतं, आकारामनं निमित्त सांगितलं. म्हणून आज सगळं बैजवार लिहायला बसलोय. पत्र वाचा आणि मग तुम्हीच सांगा, असला बंपर नशिबी आलेल्या माणसानं स्टेशनवर यायचं कसं.

सूनबाई सुगराला हे पत्र तुम्ही वाचून दाखवाल (दाखवाच, ती हसेल), म्हणून तिच्यासाठी थोडं मागचं सांगतो. पोरी, तुझे सासरे बँडमास्तर आणि मी वरातीचा ड्रायव्हर. गाडी माझी स्वतःची, बावन्न सालची, म्हणजे वयानं तुझ्यापेक्षा थोडी मोठीच. अठरा वर्षं या भागात ज्याचं लग्न झालं तो बहुतेक करून यांच्या क्लॅरिनेटमागून माझ्या गाडीत बसून मिरवला. वरातीची गाडी चालवणं म्हणजे खरं तर ती न चालवणं. माणूस चालतो त्याच्या निम्म्या वेगानं न्यायची, क्लचवरचा पाय तासभर उचलायचा नाही, आणि पुढचं काही दिसत नाही, कारण काचेवर झेंडूच्या माळा आणि बॉनेटवर नवरदेवाचा एखादा भाचा बसवलेला. मला पुढचं दिसायचं ते मास्तरांच्या टाचेतून. बाकीचे बँडमास्तर सगळ्यांच्या पुढं चालतात, हे सगळ्यांच्या मागं, माझ्या बंपरच्या अगदी पुढ्यात चालायचे. पोरांची चूक मागूनच ऐकू येते, असं यांचं म्हणणं. दोन्ही हात क्लॅरिनेटवर, म्हणून बुटाची टाच मागच्या मागं बंपरवर मारायचे. एक ठोका म्हणजे हळू घे. दोन म्हणजे थांब, पुढं कुणाची तरी मावशी फुगडी घालतेय. तीन म्हणजे चल. त्या गोंगाटात ठोका ऐकू कसा येतो, असं लोक मला विचारायचे. तो कानानं ऐकू यायचाच नाही, स्टिअरिंगमधून हातात यायचा. अठरा वर्षांत एकदाही माझी गाडी यांच्या पोटरीला लागली नाही.

आता गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट ऐका. शाहूवाडीकडच्या एका खेड्यात वरात होती. बँड आपलाच, पण पुढारी तुमचा पुतण्या ख्वाजा. पोरगं गुणी आहे, दम चांगला आहे, पण ते रीतीप्रमाणं सगळ्यांच्या पुढं चालतं. (मी सांगून बघितलं. ‘मागं चाललो तर माझा ड्रेस कुणाला दिसनार, काका?’ म्हणाला.) म्हणजे माझ्यापुढं ढोलवाला, आणि त्याला मागच्या जगाशी काही देणंघेणं नाही. गाव चढावर, रस्ता दगडधोंड्यांचा. मागं नवरानवरी आणि नवरदेवाची करवली. बँड सुरू झाला, मी गाडी सोडली, आणि बंपरवर ठोका पडला. एक. मी हळू केली. मग दोन. मी करकचून ब्रेक लावला, नवरदेव पुढच्या सीटवर येऊन आदळला आणि मुंडावळ्या हनुवटीखाली उतरल्या. थांबून राहिलो. तीन ठोके काही पडेनात, तेव्हा आपलं आपणच निघालो. चार पावलं गेलो की पुन्हा दोन. पुन्हा ब्रेक.

मास्तर, खोटं कशाला सांगू, पहिली पाच मिनिटं मला वाटलं तुम्ही आलाय. भद्रावतीहून कुणाला न सांगता आलाय, बँडमध्ये शिरलाय आणि आता माझी मस्करी चालवलीय. मी माळांतून वाकून वाकून बघत होतो. पुढं ढोलवाल्याची घामेजलेली पाठ. शेवटी उतरून बघितलं, तर उजवीकडची पट्टी वाकून बंपर लोंबत होता आणि दर दगडाला खालून ठोकर खात होता. झालं, कारण कळलं. पण कारण कळून पायाला काय उपयोग? डोकं म्हणत होतं, अरे आकाराम, हा पत्रा वाजतोय. पाय म्हणत होता, मास्तरांनी दोन दिलेत, थांब. एके ठिकाणी लागोपाठ तीन बसले आणि मी गाडी अशी उचलली की ढोलवाला ढोलासकट हरभऱ्यात गेला. बँड देवळापाशी पोचून चहा पिऊन बसला तरी वरात ओढ्याजवळच. शेवटी नवरदेव नवरीला घेऊन उतरला आणि चालत निघाला, आणि त्याच्या मामानं खिडकीत तोंड घालून मला विचारलं, ‘पावणं, गाडी चालवाय येतीया न्हवं तुमास्नी?’ चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पण त्याचंही खरंच होतं.

तिथल्या लोहारानं बंपर बघितला, बैलाच्या शिंगाला लावतात तसा त्याला हात लावला, आणि कासऱ्यानं आवळून वर बांधून टाकला. गाठ अशी की कोल्हापुरात आल्यावर चार जणांना सुटली नाही. दोन दिवस गाडी तशीच हिंडवली. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चिमणाबाईंनी (त्यांना आता फार दिसत नाही) दावं लावलेली मोटार बघितली आणि दारातून मला विचारलं, ‘मारकी हाय व्हय रं?’ मी हो म्हणालो. तेवढंच त्या बाजूनं कुणी जाईना.

मग स्टेशनमागच्या ज्ञानू फिटरकडे नेली. तो हुशार आहे, पण त्याला कमी काम करणं जमत नाही. ‘काका, आता जन्मात खाली येनार न्हाय,’ म्हणाला, आणि त्यानं वेल्डिंग करून बंपर असा वर उचलला की गाडी नाक वर करून चालू लागली. नंबरप्लेट आभाळाकडे. बॉनेट अर्ध्यातच अडकायला लागलं. शिवाजी पुलाजवळ हवालदारानं अडवलं. नंबर लिहून घ्यायचा तर त्याला वरून बघायला हवं, म्हणून त्यानं शेजारच्या सायकलवाल्याचं स्टूल मागून आणलं आणि त्यावर चढून, टोपी काढून, माझा नंबर वाचला. गर्दी जमली. खाली उतरल्यावर तो जास्त लाजला होता की मी, हे सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं बंपर कापला, पुन्हा जोडला, डोळ्यानं बघून सरळ केला. पंधरा दिवस बरा होता. मग पुन्हा उतरला, पुन्हा उजवीकडंच.

शालू म्हणाली, जोतिबाला जाऊन नारळ फोडा. रविवारी गेलो. डोंगर चढेपर्यंत बंपर जागेवर होता, हे मी देवाच्या खात्यावर धरतो. वर एका दुकानदारानं गाडी ओळखीची म्हणून इतका गुलाल उधळला की वेल्डिंगची चीरच दिसेनाशी झाली, आणि मी भाबडेपणानं ती भरून आली असं समजलो. उतरताना तिसऱ्या वळणाला आवाज झाला. शालू मागच्या सीटवरून म्हणाली, ‘इकून टाका ही गाडी. बंपर पडतोय का तुमीच पडाय लागलाय ते बघा आदी.’ बायको तीस वर्षं बरोबर असली की तिला काय काय दिसतं बघा.

परवा ज्ञानू माझ्यावर चिडला. काम परत परत आलं की चांगल्या कारागिराला राग येतोच. तो बंपरपुढं उकिडवा बसला, दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘काका, डावी सरळ हाय. उजवीच खाली येतीया. हितं कोन बसतंय?’ मी म्हणालो, कुणी नाही. त्यानं उजव्या पट्टीवर पुन्हा बोट ठेवलं. मग सांगावं लागलं. मास्तर, आपण दोघं अठरा वर्षं दर संध्याकाळी बँडच्या खोलीपुढं गाडी लावून बंपरवर बसलो. तुम्ही डाव्या अंगाला, मी उजव्या. तुम्ही अंगानं भरलेले आणि मी काटकुळा, पण बोलताना मी जास्त हलतो (असं तुम्हीच म्हणायचा), त्यामुळं तोल राहत असावा. दोन्ही पट्ट्या सारख्याच दबत गेल्या, बंपर खाली आला तरी सरळ खाली आला, आणि कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. तुम्ही गेल्यापासून मी एकटा बसतो, उजव्या अंगाला. ज्ञानू म्हणाला, ‘मग मधी बसा की.’ किती साधी गोष्ट. मी त्या संध्याकाळी बसून बघितलं. मास्तर, मधे बसलं की दोन्हीकडं जागा रिकामी राहते. एका बाजूची मला आता सवयीची झालीय, दोन बाजूंची सोसवेना. पुन्हा उजवीकडं सरकलो.

(ज्ञानूचं असंही म्हणणं आहे की पट्टी वाकायला वर्षसुद्धा झालेलं नाही, वाकल्या जागेचा गंज अगदी नवा आहे. त्याच्या या मताकडं तुम्ही लक्ष देऊ नका. पोरगं चांगलं आहे, पण गंजातलं त्याला कळत नाही.)

बाकी गल्लीची हालहवाल अशी. बँडची खोली बंद असते. ख्वाजा वाद्यं आपल्या घरी ठेवतो, तिथं ओल कमी आहे म्हणे. दारावरची पाटी आहे तशीच आहे, तुमच्या नावातला ‘म’ तेवढा उडालाय. यंदा पंजे आपल्या गल्लीतून गेले तेव्हा दरवर्षीसारखं पाणी घालायला मी दारात उभा होतो. भाभींच्या हातचे मोहरमचे गोड चोंगे यंदा नव्हते म्हणून शालूनं केले, ते दुधात भिजवल्याशिवाय तुटेनात, पण सगळ्यांनी खाल्ले. ख्वाजानं तुमचीच चाल वाजवली. एका ठिकाणी तुम्ही श्वास घ्यायला थांबायचा, तिथं तो थांबला नाही, सरळ पुढं गेला. लोकांना ते जास्त आवडलं. मला आवडलं नाही. मी घरात येऊन बसलो. तुमची फार आठवण येते, मास्तर. हे बंपरच्या पत्रात लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलो, आणि आता खोडलं तर कागद घाण दिसेल.

तर असा हा बंपर. त्याच्यापायी मी वरातीत हसं करून घेतलं, हवालदाराला स्टुलावर चढवलं आणि देवाला साकडं घातलं. अशा बंपरच्या मालकावर राग धरून काय मिळणार? छातीला तेल चोळत जा. निसारला म्हणावं, कारखान्यातून येताना बापाला रोज थोडं चालवून आणत जा. भाभींनी तिकडचं कानडी कितपत उचललं ते कळवा. कळवणारं कुणीही असो, पण अक्षर तुमचं असू द्या.

तुमच्या टाचेच्या हुकमातला,
आकाराम

ता. क. एक राहिलंच. बनाचं लग्न ठरलंय. आमचं शेंडेफळ, जिला तुम्ही मांडीवर घेऊन सा आणि रे शिकवला आणि तिसऱ्या सुराला जी झोपायची, तीच. मुलगा गडहिंग्लजचा, एस.टी.त कंडक्टर आहे, शांत आहे. लग्न इथंच, रविवारी, ता. १६ मार्चला. पत्रिका सोबत आहे, ती खरं म्हणजे पत्राच्या आधी वाचायची. वरात माझ्याच गाडीतून निघणार. मुलीच्या बापानं वरातीची गाडी हाकायची नसते, असं सगळे म्हणतात, पण या क्लचवर मी दुसऱ्या कुणाचा पाय पडू देणार नाही. तुम्ही आणि भाभींनी आठ दिवस आधी यायचं. क्लॅरिनेट आणू नका. डॉक्टरांनी फुंकू नको म्हटलंय, ते मला माहीत आहे. वाजवायला ख्वाजा आहे.

ता. क. दुसरा. बनानं हे पत्र आईला वाचून दाखवलं. शालूनं सगळं ऐकून घेतलं, हवालदाराला हसली, आणि मग म्हणाली, ‘समदं लिवलंसा, खरं त्येवढं ऱ्हायलं.’ म्हणून पाकीट परत उघडून लिहितोय. मास्तर, त्या दिवशी बंपर उतरलेला नव्हता. पहाटे उठून मी गाडी धुतली होती, भाभींसाठी मागची सीट झाडली होती. मग चावी लावायला बसलो आणि ध्यानात आलं, अठरा वर्षांत तुम्ही या गाडीत एकदाही बसला नव्हता. बँडची पोरं ट्रकात उभी आणि आपण मोटारीत, हे तुम्हाला कधी पटलं नाही. पहिल्यांदा बसणार होता ते गाव सोडून जायला. तुम्हाला स्टेशनवर पोचवलंही असतं. पण पोचवून झाल्यावर रिकामी गाडी घेऊन एकट्यानं परत कसं यायचं, ते काही केल्या मला सुचेना, आणि तोंडात बंपर आला. तुमचा टांगा गल्लीतून गेला तेव्हा मी शेडमध्ये गाडीतच बसलो होतो, घुंगरं ऐकू यायची थांबेपर्यंत. वरचं एवढं एक खोटं, बाकी सारं पत्र खरं आहे. माफ करा.

ता. क. तिसरा, आणि आता खरंच पाकीट चिकटवतो. वरात झाली की बनाला त्याच गाडीतून गडहिंग्लजला सोडायचंय. शालू चार दिवस पाठराखीण म्हणून तिथंच राहणार. जाताना गाडी भरलेली असेल, येताना मी एकटा, आणि ते मला जमत नाही हे तुम्हाला आता कळलंच आहे. तेवढं परतीला माझ्या शेजारी बसायला या. वाटेत बोलला नाहीत तरी चालेल.